अनुशेष (महाराष्ट्र)

अनुशेष ही महाराष्ट्राच्या राज्यकारभारातील व अर्थसंकल्पीय चर्चेतील एक संज्ञा आहे. एखाद्या विकासक्षेत्रात राज्याची सरासरी पातळी आणि त्या पातळीच्या खाली असलेल्या जिल्ह्याची प्रत्यक्ष पातळी यांतील तूट म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष होय. ही तूट रस्त्यांच्या किलोमीटरमध्ये, ओलिताखालील हेक्टरमध्ये किंवा रुग्णालयातील खाटांमध्ये मोजली, तर तिला भौतिक अनुशेष म्हणतात. ती भरून काढण्यासाठी लागणाऱ्या रकमेत मांडली, तर तिला आर्थिक अनुशेष म्हणतात. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन प्रदेशांमध्ये राज्याच्या विकासनिधीचे वाटप कसे व्हावे, यासंबंधीचा वाद राज्याच्या स्थापनेपूर्वीपासून चालत आलेला आहे. १९८४ नंतर तो प्रामुख्याने अनुशेषाच्या भाषेत लढवला गेला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३७१ मधील खंड (२) हा या वादाचा घटनात्मक आधार आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात एकत्र आलेल्या प्रदेशांचा प्रशासकीय इतिहास भिन्न होता. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व कोकण हे भाग मुंबई इलाख्यात होते. विदर्भ हा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाचा भाग होता; नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमीनमहसुलाच्या पद्धती, शिक्षणाची माध्यमे, रेल्वेमार्गांची घनता, कालवे या सर्वच बाबतींत या तीन प्रदेशांची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून झाली. एका राज्यात आल्यावर आपल्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न त्यामुळे भाषिक ऐक्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरला.

विदर्भातील व पश्चिम महाराष्ट्रातील नेत्यांमध्ये ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला करार झाला. त्यानंतर २८ सप्टेंबर १९५३ रोजी तिन्ही प्रदेशांच्या नेत्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांमध्ये भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, शेषराव वानखेडे व देवीसिंह चौहान यांचा समावेश होता. राज्याचे शासन एकच राहावे, मात्र निरनिराळ्या घटकांवरील खर्चासाठी निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे आणि मराठवाड्याच्या अविकसित स्थितीमुळे त्या भागाकडे विशेष लक्ष पुरवावे, असे या करारात ठरले. या वाटपाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, शासकीय नोकऱ्यांत व व्यावसायिक शिक्षणाच्या संस्थांत लोकसंख्येनुसार स्थान मिळावे आणि शासनाने ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवून वर्षातून किमान एक अधिवेशन तेथे भरवावे, हीही कलमे त्यात होती. यांपैकी नागपूर अधिवेशनाचे कलम सर्वांत ठळकपणे पाळले गेले. निधीवाटपाच्या कलमाची अंमलबजावणी मोजण्याची व्यवस्थाच अनेक वर्षे अस्तित्वात नव्हती.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ हे प्रदेश त्यात समाविष्ट झाले. या प्रदेशांना हमी म्हणून सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये तरतूद करण्यात आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाल्यावर ती तरतूद दोन्ही राज्यांसाठी कायम राहिली.

अनुच्छेद ३७१(२)

या खंडानुसार राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. ही जबाबदारी तीन बाबींची आहे. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापन करून त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे, ही पहिली. संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन या क्षेत्रांच्या विकासखर्चासाठी निधीचे समन्यायी वाटप करणे, ही दुसरी. तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्याच्या सेवांमध्ये पुरेशी संधी या बाबतींत समन्यायी व्यवस्था करणे, ही तिसरी.

यातील ‘समन्यायी’ हा शब्द नागपूर करारातील ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ या शब्दप्रयोगापेक्षा वेगळा आहे. लोकसंख्येचे प्रमाण हे गणित आहे, तर समन्याय हा निर्णय आहे. मागे राहिलेल्या भागाला लोकसंख्येपेक्षा अधिक निधी देणे समन्यायी ठरू शकते. त्याचप्रमाणे ‘संपूर्ण राज्याच्या गरजा’ या शब्दांच्या आधारे त्याला कमीही देता येते. पुढील अनेक दशकांच्या वादात दोन्ही बाजूंनी या एकाच वाक्यातील निरनिराळे शब्द पुढे केले.

ही तरतूद आपोआप लागू होणारी नव्हती. राष्ट्रपतींचा आदेश निघेपर्यंत ती कागदावरच राहिली आणि महाराष्ट्राच्या बाबतीत हा काळ ३८ वर्षांचा ठरला. गुजरातमध्ये सौराष्ट्र व कच्छसाठी अशी मंडळे स्थापन झाली नाहीत.

दांडेकर समिती

साठच्या व सत्तरच्या दशकांत असमतोलाविषयीचा असंतोष आंदोलनांतून व्यक्त होत राहिला. विदर्भात स्वतंत्र राज्याची मागणी जांबुवंतराव धोटे यांच्या नेतृत्वाखाली तीव्र झाली. मराठवाड्यात १९७४ साली वसमत येथील गोळीबारानंतर विकास आंदोलन पेटले. पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषदेने वैधानिक मंडळांची मागणी लावून धरली. या काळात प्रत्येक प्रदेशाचे प्रतिनिधी आपापली आकडेवारी विधिमंडळात मांडत. मात्र तुलनेचे आधारवर्ष, खर्चाची व्याख्या आणि प्रदेशाची लोकसंख्या यांबाबत एकमत नसल्याने एकाच अर्थसंकल्पावरून परस्परविरोधी निष्कर्ष काढले जात असत.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा ही क्षेत्रे तिने तपासली. मागील वर्षांत कोणत्या प्रदेशावर किती खर्च झाला याचा हिशेब मांडण्याऐवजी, आज प्रत्यक्ष जमिनीवर काय आहे ते समितीने मोजले. खर्च कोठे झाला यावर अंतहीन वाद होऊ शकतो. रस्ता आहे की नाही यावर होत नाही. वादाचे स्वरूप बदलून टाकणारा हा निर्णय होता.

समितीने प्रदेशाऐवजी जिल्हा हा एकक मानला. प्रत्येक क्षेत्रासाठी राज्याची सरासरी काढली. सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांची तूट मोजली आणि ती भरून काढण्याचा खर्च ठरवला. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्यांचे आधिक्य मात्र वजा केले नाही. सिंचनात नुसते हेक्टर मोजल्यास दिशाभूल होते, कारण उसाच्या एका हेक्टरला लागणाऱ्या पाण्यात ज्वारीचे कितीतरी क्षेत्र भिजते. म्हणून अनुशेषाच्या हिशेबात सिंचनक्षमता रब्बी ज्वारीच्या समतुल्य क्षेत्रात रूपांतरित करून मांडण्याची पद्धत वापरात आली.

३० जून १९८२ रोजीच्या स्थितीनुसार राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटी (३९ टक्के), मराठवाड्याचा ७५१ कोटी (२४ टक्के) आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी (३७ टक्के) होता. विदर्भ व मराठवाड्यातील नेत्यांना हे आकडे आपल्या तक्रारीची अधिकृत पावती वाटले. त्याच वेळी उर्वरित महाराष्ट्रातील काही जिल्हेही मागास असल्याचे याच आकड्यांनी दाखवून दिले. कोकणातील व दुष्काळी पट्ट्यातील जिल्ह्यांमुळे त्या प्रदेशाचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक भरला. ‘पश्चिम महाराष्ट्र विरुद्ध इतर’ या सोप्या मांडणीला ही बाब अडचणीची होती आणि अहवालावरील पुढील राजकीय चर्चेत ती बहुधा मागे पडली.

जुलै १९८४ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी अनुच्छेद ३७१(२) नुसार विकास मंडळे स्थापन करण्याची शिफारस करणारा ठराव एकमताने संमत केला. शासनाने समितीचा अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही, तरी अनुशेषासाठी वेगळी तरतूद करण्याची प्रथा त्यानंतर सुरू झाली.

विकास मंडळे

ठरावानंतर आदेश निघण्यास जवळपास दहा वर्षे लागली. राष्ट्रपतींचा आदेश ९ मार्च १९९४ रोजी निघाला. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी ३० एप्रिल १९९४ रोजी काढलेल्या आदेशानुसार १ मे १९९४ पासून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. त्या वेळी शरद पवार मुख्यमंत्री होते.

प्रत्येक मंडळावर विधिमंडळाचे व स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ आणि विभागीय आयुक्त यांची नियुक्ती राज्यपाल करीत. विकासाच्या पातळीचा अंदाज घेणे, खर्चाची पातळी सुचवणे आणि वार्षिक अहवाल तयार करणे ही त्यांची मुख्य कामे होती. मंडळांना कार्यकारी अधिकार नव्हते. रस्ता बांधण्याचा किंवा कालवा खोदण्याचा अधिकार संबंधित विभागाकडेच राहिला. त्यामुळे मंडळे ‘दात नसलेली’ असल्याची टीका पहिल्या वर्षापासून झाली. प्रत्यक्षात त्यांचे महत्त्व दुसऱ्या गोष्टीत होते. मंडळे अस्तित्वात असल्यामुळे राज्यपालांना निधीवाटपाबाबत निदेश देता येत होते आणि ते वाटप वार्षिक वित्तीय विवरणपत्रात दाखवणे शासनाला भाग होते.

निर्देशांक व अनुशेष समिती

राज्यपालांनी १९९५ मध्ये निर्देशांक व अनुशेष समिती नेमली. तिच्या हिशेबानुसार १ एप्रिल १९९४ रोजी एकूण अनुशेष सुमारे १४,००७ कोटी रुपये होता. त्यापैकी विदर्भाचा ६,६२४ कोटी, मराठवाड्याचा ४,००५ कोटी व उर्वरित महाराष्ट्राचा ३,३७८ कोटी होता.

दोन्ही समित्यांचे आकडे शेजारी ठेवल्यास एकूण रक्कम चौपटीहून अधिक वाढलेली दिसते. बांधकामाच्या किमती बारा वर्षांत वाढल्या होत्या, त्यामुळे केवळ या वाढीवरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र वाट्यांमधील बदल लक्षणीय आहे. विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांवरून सुमारे ४७ टक्क्यांवर गेला, मराठवाड्याचा २४ वरून २९ टक्क्यांच्या आसपास पोहोचला आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ वरून २४ टक्क्यांवर आला. अनुशेष दूर करण्याची घोषणा झाल्यानंतरच्या दशकात तो दोन प्रदेशांमध्ये अधिक एकवटला. एकूण रकमेपैकी निम्म्याहून अधिक भाग एकट्या सिंचनाचा होता.

१ एप्रिल १९९४ ही तारीख पुढील सर्व निदेशांचा आधार झाली. त्या दिवशीचा अनुशेष भरून निघाला की हिशेब संपणार होता. त्यानंतर निर्माण झालेली तूट मोजायची की नाही, हा वाद तेव्हाच सुरू झाला. राज्याची सरासरी दरवर्षी वर सरकते, त्यामुळे मागे असलेला जिल्हा जुनी तूट भरून काढेपर्यंत नवी तूट तयार होते, असा विदर्भ व मराठवाड्यातील अभ्यासकांचा युक्तिवाद होता. सतत सरकणारे उद्दिष्ट कधीच गाठता येणार नाही आणि अर्थसंकल्पाची कायमची कोंडी होईल, हा त्यावरील प्रतिवाद होता.

अर्थसंकल्पातील वाटाघाटी

राज्याच्या अर्थसंकल्पातील मोठा भाग वेतन, निवृत्तिवेतन व कर्जावरील व्याज यांत आधीच बांधलेला असतो. प्रादेशिक वाटपाचा वाद उरलेल्या विकासखर्चापुरता असतो. त्यातही ‘विभाज्य’ आणि ‘अविभाज्य’ नियतव्यय असा भेद केला जातो. संपूर्ण राज्यासाठी असलेल्या योजना, केंद्रपुरस्कृत कार्यक्रमांतील राज्याचा हिस्सा अशा रकमा अविभाज्य मानल्या जातात आणि प्रदेशांमध्ये वाटायची रक्कम त्यानंतर उरते. कोणती योजना कोणत्या रकान्यात बसवायची, हा वरवर लेखाशाखेचा वाटणारा निर्णय म्हणूनच राजकीय ठरतो. विभाज्य रक्कम आधीच आकसली असेल, तर तिचे वाटप कितीही काटेकोर सूत्राने केले तरी त्याचा फारसा परिणाम होत नाही. प्रा. बी. टी. देशमुख यांनी विधान परिषदेत वर्षानुवर्षे अर्थसंकल्पीय पुस्तिकांतील तपशील काढून नेमक्या याच प्रश्नावर शासनाला उत्तरे मागितली.

अर्थसंकल्प साधारणतः मार्चमध्ये मुंबईच्या अधिवेशनात मांडला जातो. वर्षभरात पुरवणी मागण्यांद्वारे त्यात भर पडते आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही अशा मागण्या मांडल्या जातात. मूळ अर्थसंकल्पात पाळलेले प्रादेशिक प्रमाण पुरवणी मागण्यांनंतर टिकतेच असे नाही. त्याशिवाय तरतूद होणे आणि निधी हाती येणे यांत अंतर असते. वित्त विभाग वितरण प्रणालीवर रक्कम उपलब्ध करून देईपर्यंत विभागाला ती खर्च करता येत नाही. महसूल अपेक्षेइतका जमा झाला नाही, तर सर्व विभागांच्या तरतुदींना कात्री लागते. मार्चअखेर न खर्चलेला निधी समर्पित होतो किंवा पुनर्विनियोजनाने दुसरीकडे वळतो. काम सुरू करण्याची तयारी असलेल्या जिल्ह्याला अशा वेळी लाभ होतो. जेथे भूसंपादन अडलेले आहे किंवा अभियंत्यांची पदे रिक्त आहेत, तो जिल्हा मागे पडतो. आधीच मागास असलेल्या जिल्ह्यांत या दोन्ही अडचणी अधिक असतात.

रिक्त पदांचा प्रश्न विदर्भ व मराठवाड्यात दीर्घकाळ चर्चेत राहिला आहे. तेथे बदली झालेले अधिकारी रुजू होण्याचे टाळतात, ही लोकप्रतिनिधींची जुनी तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून नियुक्ती व पदोन्नतीच्या वेळी अधिकाऱ्यांना महसुली विभाग वाटून देण्याचे नियम शासनाने केले.

राज्यपालांचे निदेश व सिंचनाचा प्रश्न

राज्यपाल अलेक्झांडर यांनी डिसेंबर २००१ मध्ये सविस्तर निदेश दिले. अनुशेष दूर करण्यासाठी वर्षनिहाय तरतूद कशी करावी आणि सिंचनाचा निधी तीन प्रदेशांत कोणत्या प्रमाणात द्यावा, हे त्यांत सांगितले होते. पुढील राज्यपालांनीही दरवर्षी असे निदेश दिले. सिंचनाच्या बाबतीत मंजूर प्रमाणापेक्षा उर्वरित महाराष्ट्रात अधिक खर्च झाल्याचा मुद्दा या निदेशांतून व विधिमंडळातील चर्चेतून वारंवार पुढे आला.

या जादा खर्चामागे एक ठोस कारण सांगितले जात असे. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि निवाड्याच्या फेरविचाराची मुदत ३१ मे २००० नंतर सुरू होणार होती. तोपर्यंत पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, अशी भूमिका घेऊन १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याने शासनहमीचे रोखे काढून बाजारातून निधी उभारला. विदर्भासाठी १९९७ मध्ये आणि गोदावरी खोऱ्यातील मराठवाड्यासाठी १९९८ मध्ये वेगळी महामंडळे झाली. कर्जाने उभारलेला पैसा अर्थसंकल्पाबाहेरचा असल्याने तो समन्यायी वाटपात धरावा की नाही, हा नवा प्रश्न यातून उद्भवला. रोख्यांवरील व्याज व परतफेड शेवटी राज्याच्या तिजोरीतूनच होत होती, ही बाब विदर्भातील प्रतिनिधींनी लावून धरली.

निदेशांचे पालन होत नसल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या. राज्यपालांचे निदेश शासनावर बंधनकारक आहेत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले. या प्रश्नाला घटनात्मक पेच आहे. अर्थसंकल्पावर मतदान करण्याचा अधिकार निवडून आलेल्या विधानसभेचा आहे आणि मंत्रिमंडळ तिलाच उत्तरदायी आहे. राज्यपाल नियुक्त असतात. एरवी त्यांनी अर्थसंकल्पाच्या आकड्यांत लक्ष घालणे अयोग्य मानले गेले असते. येथे मात्र संविधानानेच अपवाद केला आहे, कारण बहुमताच्या सभागृहात कमी सदस्यसंख्या असलेल्या प्रदेशाचे हित मतदानाने जपले जाईलच, याची खात्री नव्हती.

भौतिक व आर्थिक अनुशेषातील फरक सिंचनात सर्वाधिक उघड झाला. सिंचनेतर क्षेत्रांतील १९९४ चा आर्थिक अनुशेष पुढील दीड दशकात कागदोपत्री संपुष्टात आला. सिंचनात निधी दिला गेला तरी अमरावती विभागातील अमरावती, अकोला, वाशिम व बुलढाणा या जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष शिल्लक राहिला. ठरलेली रक्कम मिळेपर्यंत धरणाचा खर्च वाढलेला असे. पूर्व विदर्भात महसुली नोंदीतील झुडपी जंगलाच्या जमिनींना १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू झाल्याने कालव्यांची कामे परवानग्यांत अडकली. गोसीखुर्द प्रकल्प हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. वैनगंगेवरील या प्रकल्पाचे भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनक्षमतेच्या या प्रकल्पाचा मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. सुधारित अंदाज पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

याच काळात पश्चिम विदर्भातील कोरडवाहू कापूस उत्पादकांच्या आत्महत्या देशभर चर्चेचा विषय झाल्या. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १ जुलै २००६ रोजी अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, यवतमाळ व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे मदतकार्य जाहीर केले. त्यात सिंचनप्रकल्प पूर्ण करण्यासाठीचा निधी हा मोठा घटक होता. या सहांपैकी चार जिल्हे सिंचनाच्या अनुशेषाच्या यादीतलेच होते.

२०१२ मध्ये सिंचनखर्चातील गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे प्रश्नाला वेगळे वळण लागले. विदर्भातील प्रकल्पांच्या किमती वाढवून देण्याच्या निर्णयांवर टीका झाली, उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला व नोव्हेंबरमध्ये शासनाने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली. जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. पवार यांनी आरोप नाकारले व डिसेंबरमध्ये ते पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. तोपर्यंत ‘निधी किती मिळाला’ हा अनुशेषाच्या चर्चेचा मध्यबिंदू होता. ‘मिळालेल्या निधीतून पाणी किती पोहोचले’ हा प्रश्न आता त्याच्या बरोबरीला आला.

केळकर समिती

शासनाने २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समतोल प्रादेशिक विकासासाठी उच्चस्तरीय समिती नेमली. तिचा अहवाल २०१३ मध्ये सादर झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये नागपूर अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवण्यात आला. या समितीने तालुका हा एकक मानला. जिल्ह्याच्या सरासरीत त्यातील विषमता लपते, हे त्यामागील कारण होते. सातारा व सांगली हे सिंचनात पुढारलेले जिल्हे. पण माण, खटाव, आटपाडी किंवा जत या त्यांच्याच तालुक्यांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लागतात.

विदर्भात या बदलाकडे संशयाने पाहिले गेले. तालुका एकक मानल्यास उर्वरित महाराष्ट्रातील दुष्काळी तालुके नव्याने हक्क सांगतील आणि मूळ अनुशेषाचा दावा विरळ होईल, अशी तेथील अभ्यासकांची भीती होती. जुना अनुशेष आधी भरा, मग एकक बदला, अशी ही भूमिका होती. तालुक्याचा निकष तर्काला धरून आहे, हे विरोधकांपैकी अनेकांनी नाकारले नाही. त्यांचा आक्षेप वेळेला होता. अहवालावर विधिमंडळात चर्चा झाली, परंतु तो समग्रपणे स्वीकारला गेला नाही.

उर्वरित महाराष्ट्रांतर्गत मतभेदही या काळात पुढे आले. एकाच मंडळात मुंबई, पुणे, कोकण व खानदेश यांची मोट बांधल्याने कोकण व उत्तर महाराष्ट्र यांचे प्रश्न झाकले जातात, असे सांगून स्वतंत्र मंडळांची मागणी त्या भागांतून झाली. संविधानात तीनच क्षेत्रांचा उल्लेख असल्यामुळे घटनादुरुस्तीशिवाय ती मान्य होणे शक्य नव्हते.

मुदतसमाप्ती व नंतरचा वाद

मंडळांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. २०११ मध्ये त्यांच्या नावातील ‘वैधानिक’ हा शब्द वगळण्यात आला. ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली तेव्हा राज्यात उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील महाविकास आघाडीचे शासन होते. मुदतवाढ मिळाली नाही आणि तिन्ही मंडळे संपुष्टात आली.

मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात हा विषय विधानसभेत उपस्थित झाला. त्या वेळी विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त बारा सदस्यांची मंत्रिमंडळाने पाठवलेली नावे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे प्रलंबित होती. ज्या दिवशी ही बारा नावे जाहीर होतील, त्याच दिवशी मंडळांची घोषणा करू, अशा आशयाचे उत्तर उपमुख्यमंत्री व वित्तमंत्री अजित पवार यांनी दिले. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी बारा आमदारांसाठी विदर्भ व मराठवाड्याच्या जनतेला ओलीस धरल्याचा आरोप केला आणि विरोधी पक्षाने सभात्याग केला. राज्यपालांना निधीवाटपाचा अधिकार देणारी तरतूद आणि त्यांच्याकडील नियुक्त्यांची फाइल या दोन असंबद्ध बाबी अशा रीतीने एकमेकींशी जोडल्या गेल्या.

सप्टेंबर २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळे पुनर्गठित करण्याचा निर्णय घेतला. मंडळांसाठी राष्ट्रपतींचा आदेश आवश्यक असल्याने राज्यपालांमार्फत केंद्र सरकारला तशी विनंती करण्याचे ठरले. दरम्यान कर्नाटकातील कलबुर्गी विभागासाठी, म्हणजे मराठवाड्याप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या शेजारच्या जिल्ह्यांसाठी, ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(जे) समाविष्ट झाला होता. त्यात विकास मंडळाबरोबरच शिक्षणसंस्थांतील जागा व स्थानिक नोकऱ्या यांच्या आरक्षणाचीही तरतूद आहे. महाराष्ट्रातील मंडळांना असा अधिकार कधीच नव्हता.